पिस्तुलं जमवू पाहणाऱ्या भाच्यास

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
रविवार, ८ नोव्हेंबर १९९२

चि. प्रदीप यास अविनाशमामाचा भरभरून आशीर्वाद. त्यातला निम्मा चि. सौ. रोहिणीने तुझ्याकडून मागून घ्यावा, तू आपणहून देणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

इकडे आम्ही उभयता खुशाल. तुझ्या मामीची सर्दी दिवाळीत आली ती अजून पाहुण्यासारखी मुक्काम ठोकून आहे, पण तिच्या आवाजावर काही परिणाम झालेला नाही. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? प्रमिलाला माझा निरोप सांग की गुडघ्याला तेल चोळायचं आणि त्याच गुडघ्याने वाळवणं बघायला चारदा गच्चीवर जायचं, याला औषधोपचार म्हणत नाहीत. नाशिकला थंडी पडली असेल. इथे पहाटे जरा गार वाटतं आणि नऊ वाजता सगळं विसरून उकडायला लागतं.

तुझं पत्र चकल्यांच्या डब्यात पोचलं. (चकल्या उत्तम. पत्राला थोडं तेल लागलं होतं, पण माझ्या छंदात तेल लागलेल्या कागदांची सवय असते.) ते मी तीनदा वाचलं. तू लिहितोस, ‘मामा, मला जुनी लष्करी पिस्तुलं जमवायची आहेत, नवशिक्याने सुरुवात कशी करावी?’ अरे, पस्तीस वर्षांत आपल्या घराण्यातल्या कोणीही मला हा प्रश्न विचारलेला नाही. तुझे वडील तर ‘अविनाशला हत्यारांचा नाद आहे’ हे वाक्य अशा आवाजात म्हणायचे, की ऐकणारा माझ्या तोंडाचा वास घ्यायला पुढे यायचा. विमा कचेरीत आयुष्यभर लोकांच्या मरणाच्या फायली हाताळणाऱ्या माणसाने घरी येऊन पिस्तुलं पुसत बसावं, यात कोणाला काही गोड वाटलं नाही. म्हणून तुझं पत्र वाचून मी आधी गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या आणि मग लिहायला बसलो. तुझ्या मामीने पत्र एकदाच वाचलं आणि विचारलं, “रोहिणीला सांगितलंय का त्याने?” ही खरं तर पहिली सूचना समज.

दुसरी सूचना, पिस्तूल घेऊ नकोस. म्हणजे आत्ता घेऊ नकोस. आधी पुस्तक घे. मग कायदा वाच. मग पुन्हा पुस्तक वाच. आपल्या देशात चालू स्थितीतलं हत्यार परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही, आणि परवाना मागायला गेलं की ते कशाला हवं हे सांगावं लागतं. ‘ते सुंदर आहे म्हणून’ हे उत्तर छापील अर्जात बसत नाही. जे जुनं होऊन कायमचं निकामी झालं आहे, दुरुस्त करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही, ते ठेवायला हरकत नसते. पण ते निकामी आहे हे तू ठरवायचं नाहीस, मी ठरवायचं नाही, ते ठरवणाऱ्याचा सही-शिक्का घ्यायचा आणि तो कागद पिस्तुलापेक्षा जास्त जपायचा. माझ्याकडे तीन नग आहेत. दोन निकामी, आणि एक परवान्याचं वेब्ली रिव्हॉल्वर. (पोटात फिरकी असली तर रिव्हॉल्वर, मुठीत गोळ्यांची डबी असली तर पिस्तूल. तुझी मामी दोन्हीला बंदूक म्हणते. मी तिला दुरुस्त करणं एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली सोडलं.) हे वेब्ली प्रत्येक निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. मी ते पिशवीत घालून, वर भाजी नसते म्हणून वर्तमानपत्र टाकून, हसतमुखाने नेतो. ठाण्यातले हवालदार मला आता ओळखतात. मध्ये एकदा मी त्यांना बाजारात भेटलो तर त्यांनी काळजीने विचारलं, “काय काका, सरकार पडलं का?”

आता चुका सांगतो, कारण चुकांशिवाय मला या विषयात फारसं काही येत नाही. माझं पहिलं पिस्तूल मी ब्रासो लावून लख्ख केलं. पितळेच्या समईसारखं. मुंबईच्या एका वृद्ध पारशी गृहस्थांना, ज्यांच्याकडून मी हा सगळा विषय शिकलो, ते अभिमानाने दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मला आधी पाणी प्यायला दिलं. लोखंडावरचा मूळचा निळसर-काळा रंग हीच त्याची कातडी असते रे. ती मी घासून काढली होती. ते म्हणाले, “डिकरा, म्हाताऱ्या माणसाला तू असाच तरुण करते काय?” तेव्हापासून मी जुन्या वस्तूला फक्त मऊ फडक्याने आणि यंत्राच्या पातळ तेलाने शिवतो. दुसरं पिस्तूल मी त्याच्या कातडी म्यानात घालून कपाटात ठेवलं, कारण ते त्यात रुबाबदार दिसायचं. कातडं दमट हवा पितं आणि लोखंडाला पाजतं. एका पावसाळ्यात आतून असा गंज चढला की पिस्तूल म्यानातून बाहेर येईना, आणि तुझी मामी म्हणाली की सुरक्षिततेच्या दृष्टीने हीच अवस्था सर्वोत्तम आहे. कातडं वेगळं ठेव, लोखंड वेगळं ठेव. आणि कोणी कितीही शपथेवर सांगितलं की रिकामं आहे, तरी हातात घेतल्या घेतल्या स्वतः उघडून बघ, आणि नळी माणसाकडे, कुत्र्याकडे किंवा देवाच्या फोटोकडे करू नकोस.

तिसरी चूक मोठी. एका विक्रेत्याने मला एक पिस्तूल दाखवून त्याची अशी कथा सांगितली (गोरा कप्तान, प्रेमभंग, बर्फ, एक इमानी घोडा) की मी वस्तूकडे पाहिलंच नाही. घरी येऊन मुठीवरची लाकडी पट्टी उघडली तर आत तांबड्या रंगात सुबक अक्षरात लिहिलेलं, ‘अंक तिसरा’. कुठल्याशा नाटकमंडळीच्या सामानातलं होतं ते. ते कधी झाडलं गेलंच असेल तर खलनायकावर, आणि तो दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी परत उभा राहिला असेल. ते मी अजून ठेवलंय, पण तीन नगांत धरत नाही. म्हणून पुस्तकातला नियम आहे की वस्तू घ्यावी, गोष्ट घेऊ नये. ठसे बघ, आकडे बघ, वरच्या भागावरचा आणि खालच्या भागावरचा क्रमांक एकच आहे का ते बघ, आणि विकणारा बोलायला लागला की कानात बोटं घाल.

हा नियम मी तुला अगदी निष्ठेने सांगितला असता, पण यंदा जानेवारीत आपट्याला जे झालं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आपटा म्हणजे इथून एस.टी.ने जायचं, पाताळगंगेच्या काठचं गाव. आमच्याकडे मैना भांडी घासायला येते, ती तिकडची. (कॉलनीच्या बांधकामावर आली आणि इथेच राहिली. आमच्या इमारतीच्या विटा तिने डोक्यावरून वाहिलेल्या आहेत आणि कुठली भिंत कच्ची आहे हे ती नेमकं सांगते.) एक दिवस मी वेब्ली पुसत होतो. ती दारात उभी राहून म्हणाली, “असला एक आमच्या गोदूबायकडं पन हाय. तिचा नवरा लढाईतून घेऊन आलेला. पन तो याच्यावानी फुगलेला नाय, चपटा हाय.” प्रदीप, माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. फुगलेलं नाही म्हणजे फिरकी नाही. फिरकी नाही म्हणजे पिस्तूल.

पुढच्या रविवारी मी निघालो, आणि तुझी मामी माझ्याबरोबर निघाली. तिला हत्यारांत रस नाही, पण माझ्या एकट्याच्या शहाणपणावर तिचा तितकाही विश्वास नाही. गोदूबाई घरत म्हणजे पंचाहत्तरीच्या, बांध्याने एवढ्याशा, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेल्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा रमेश तिकडच्या कारखान्यात कामाला. त्याला हे घरातलं हत्यार म्हणजे डोक्यावरची टांगती तलवार वाटायची, आणि जुनं घर पाडून नवं बांधायच्या आधी ते नदीत फेकून द्यायचं त्याने ठरवलं होतं. आईला ते कबूल नव्हतं. आम्ही ओट्यावर बसलो, चहा झाला, आणि त्यांनी आतून सुकटीचा डबा आणला. झाकण उघडलं, सुकट बाजूला सारली, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. एकोणीसशे चौतीसच्या नमुन्याचं इटालियन बेरेट्टा. वर मुकुट, त्याखाली त्यांच्या राजाच्या फौजेची अक्षरं, आणि दोन्ही क्रमांक एकच. अंगाला वास मात्र सुकटीचा आणि खोबरेल तेलाचा. दर दसऱ्याला नवरा-बायको त्याला खोबरेल लावून, फूल वाहून, पूजा करायचे. नवरा गेल्यावर बाईंनी एकट्यांनी केली. मी हे पिस्तूल वीस वर्षं फक्त चित्रात पाहत होतो.

मी आधी ते उघडून पाहिलं. रिकामं होतं, नळीत गंजाची बुरशी. गोदूबाई म्हणाल्या, “न्या तुमी. रमेश नदीत टाकील. त्यांनी येवढ्या समिंदरातून आनलेला, त्याला परत पान्यात काय टाकायचा?” आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी ते पिशवीत टाकलं असतं तर कोणाला कळलं नसतं. मैना बोलली नसती. रमेशने सुटकेचा श्वास सोडला असता. पण ना कागद, ना परवाना, आणि हे एवढ्यावर थांबत नाही. उद्या कोणी चौकशी केली तर जबाब द्यायला ही म्हातारी उभी राहणार. हे सगळं मला त्या वेळी इतकं नीटनेटकं सुचलं असं समजू नकोस. तुझ्या मामीने माझ्या कोपराला एक बोट लावलं. फक्त बोट. मी पिस्तूल परत सुकटीत ठेवलं आणि म्हणालो, “आजी, हे आधी सरकारला दाखवावं लागेल.” त्यांचा चेहरा असा पडला की मला माझ्याच तोंडाचा राग आला. “मला धरतील का?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. मला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या हवालदारांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी साहेबांना विचारलं, आणि बाहेर येऊन म्हणाले की आजींनी आपणहून आणून जमा केलं आणि खरा जबाब दिला तर पुढचं ते बघतील; बाईंना घेऊन या, वस्तूही घेऊन या. मग मी माझ्या सुवाच्य विमाक्षरात अर्ज लिहिला, आणि त्या गुरुवारी मी, तुझी मामी, गोदूबाई आणि सुकटीचा डबा असे चौघे आपट्याहून एस.टी.त बसलो. डबा बाईंच्या मांडीवर. गाडीत एवढी गर्दी असून आमच्या आजूबाजूला छान मोकळी जागा राहिली. (मौल्यवान पिस्तूल प्रवासात कशात न्यावं याबद्दल इंग्रजी पुस्तकांत बरंच लिहिलंय, पण सुकटीचा उल्लेख कुठेही नाही.) एका बाईला मात्र वास आवडला. ती उठून जवळ आली आणि विकत देणार का म्हणून विचारायला लागली. गोदूबाई नाही म्हणाल्या. ती म्हणाली, नुसती बघू तर दे, आणि झाकणाला हातच घातला. गोदूबाईंनी दोन्ही हात डब्यावर दाबले आणि डोळे मोठे करून म्हणाल्या, “हात नको लावू. ही सुकट सरकारी हाय!” ती बाई आपल्या जागेवर परत गेली आणि पनवेल येईपर्यंत आमच्याकडे आदराने बघत होती.

ठाण्यात डबा उघडल्यावर एक शिपाई उठून खिडकी उघडायला गेला. पण बाकी सगळ्यांनी बाईंना फार सांभाळून घेतलं, हे मला नमूद केलंच पाहिजे. खुर्ची दिली, पाणी दिलं. हवालदार जबाब लिहायला बसले. नाव, गाव, वय (वयाच्या जागी बाई म्हणाल्या, “तुमीच लिवा, तुमाला दिसतंय तेवढा”), आणि मग त्यांनी विचारलं, “नवऱ्याचं नाव?”

बाई गप्प. हवालदारांना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी मोठ्याने विचारलं. बाईंनी पदर ओढून मान खाली घातली. तिसऱ्यांदा विचारल्यावर पलीकडच्या खोलीतला टाइपरायटरही थांबला. मी मदतीला म्हणून तोंड उघडलं, तर हवालदार म्हणाले, “काका, जबाब त्यांचा आहे. नाव त्यांच्याच तोंडून यायला पाहिजे.” बाईंनी साठ वर्षांत ते नाव एकदाही उच्चारलेलं नव्हतं. तो माणूस सहा वर्षांपूर्वी गेला होता आणि तरी नव्हतं. मला वाटलं झालं, सगळं प्रकरण इथेच अडकलं, बेरेट्टासकट. तेव्हा तुझी मामी खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “आजी, उखाण्यात घ्या ना. लग्नात घेतलं असेल तसं.” बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या सगळ्या खाकी कपड्यांकडे पाहिलं. आणि प्रदीप, पंचाहत्तर वर्षांची ती बाई नव्या नवरीसारखी लाजली. पदर दातात धरला, सोडला, आणि खणखणीत म्हणाली,

“पाताळगंगेच्या कडंला चिंचेची सावली,
हसुरामनी म्हातारपनी मला पोलीसची चौकी दावली!”

मग खिडकीपाशी उभा असलेला तो शिपाई “वा आजी!” म्हणाला आणि सगळं ठाणं हसलं. हवालदारही हसले, पण लिहायला टाक खाली नेला आणि तसाच धरून ठेवला, मग म्हणाले, “आजी, परत एकदा घ्या. लिहायचं राहिलं.” त्यांनी परत घेतलं. दुसऱ्यांदा नाव घेताना त्यांचा आवाज जरा फाटला. मी छतावरच्या पंख्याकडे बघत होतो. त्या पंख्याला एक पातं नवीन बसवलेलं आहे.

पण खरी पंचाईत पुढे होती. हवालदारांनी विचारलं, हे पिस्तूल त्यांना मिळालं कसं. आता सगळ्या आपट्याला माहीत होतं की हसुराम घरत यांनी आफ्रिकेच्या लढाईत एका इटालियन अंमलदाराला नुसत्या हातांनी लोळवून ते हिसकावलं. दसऱ्याला गावचे लोक ते बघायला यायचे. बाई तुझ्या मामीचा हात धरून म्हणाल्या, “खरा सांगितला तर गावात जाईल का?” हवालदार म्हणाले, नाही जाणार. मग त्यांनी सांगितलं. हसुराम लढवय्या नव्हताच. तो पलटणीचा लांगरी होता, शिपायांसाठी स्वयंपाक करणारा. डोंगरात लढाई चाललेली, हा मागे खाली चपात्या भाजत होता. तेव्हा वरून एक टकला इटालियन शिपाई, बापाच्या वयाचा, वासाने उतरत आला. तीन दिवसांचा उपाशी. हसुराम इतका घाबरला की त्याने हातातलं उलथनं वर केलं. तो इटालियन त्याहून घाबरलेला. त्याने पिस्तूल मुठीकडून पुढे केलं आणि जमिनीवर बसला. हसुरामने त्याला गूळ-चपाती दिली. तो जेवता जेवता रडायला लागला, आणि खिशातून पोरींचा फोटो काढून दाखवायला लागला. हसुरामला त्याची भाषा कळेना, त्याला हसुरामची. “मग ते पन रडले,” गोदूबाई म्हणाल्या. “मला सांगायचे, गोदू, आमी दोगं रडत बसलो आनि चपात्या करपल्या.” मग त्याने त्या माणसाला पोटभर खायला घालून छावणीत नेऊन दिलं. पिस्तूल मात्र पिठाच्या पोत्यात राहिलं आणि कसं तरी घरी आलं. गावकऱ्यांनी विचारलं तेव्हा त्याने काहीच सांगितलं नव्हतं. गोष्ट गावानेच रचली, आणि मग ती मोडायला त्याला लाज वाटली. पोरगा रांगायला लागला तेव्हा त्याने पिस्तुलातली सुई, म्हणजे जिचा टोला बसून गोळी उडते ती, उपसून बावीत टाकली. (बाव म्हणजे विहीर.)

हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच वाक्य लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, “‘युद्धात शरण आलेल्या शत्रूकडून प्राप्त.’ खरं आहे ना, आजी?” बाईंनी विचार केला, मान हलवली आणि म्हणाल्या, “खरा हाय.” आणि डाव्या हाताचा अंगठा उठवला.

त्यानंतर पिस्तूल तपासणीसाठी अलिबागला गेलं आणि सात महिने तिकडेच राहिलं. मैना दर आठवड्याला निरोप आणायची. “गोदूबाय इचारतंय, तिकडं त्याला तेल घालतात का? त्याला समिंदराचा वारा बादतो.” मी दोनदा अलिबागला जाऊन आलो. रमेश, जो ते नदीत टाकणार होता, तोही एकदा माझ्याबरोबर आला आणि परतताना म्हणाला, की वडिलांना आपण नीट विचारलंच नाही कधी. ऑगस्टमध्ये हुकूम आला. नमुना कालबाह्य, टोल्याची सुई नाही, नळी बाद, आता मुद्दाम कायमची बंद केलेली, वापरास पूर्णतः अयोग्य. सबब आठवण म्हणून श्रीमती गोदूबाई हसुराम घरत यांना परत. गुन्हा नाही, काही नाही. आणि लगेच मैनेकडून निरोप आला की सायेबांना, म्हणजे मला, बोलावलंय.

मी काय समजायचं ते समजलो. मी एक सागवानी पेटी केली. तुझ्या मामीने, मी न सांगता, तिच्या मरून शालीचा तुकडा कापून आत अस्तर लावलं. ती शाल मी तिला लग्नाच्या पहिल्या दिवाळीला दिली होती. पस्तीस वर्षांत तिने माझ्या छंदासाठी केलेली ही पहिली शिवण. आपट्याला पोचलो, चहा झाला, कागद वाचून दाखवला. गोदूबाईंनी पिस्तूल मांडीवर घेतलं, कागद त्याच्यावर ठेवला, आणि निर्मळ चेहऱ्याने म्हणाल्या, “सायेब, तुमचा लय उपकार. तवा भीती होती म्हनून देत होते. आता सरकारनी कागद दिलाय, भीती नाय. मग मी कशाला देऊ?”

मी पेटी हातात घेऊन बसलो होतो. माझं तोंड कसं झालं असेल ते मला माहीत नाही, पण तुझी मामी पदर तोंडाशी धरून उठून अंगणात गेली आणि तिचे खांदे हलताना मला दिसत होते. थोड्या वेळाने डोळे पुसत आत आली, माझ्या हातातून पेटी घेतली आणि गोदूबाईंच्या पुढ्यात ठेवली. “आजी, आता सुकटीत नको. यात ठेवा.” बाईंनी शालीवरून हात फिरवला आणि पिस्तूल त्यात निजवलं. येताना आम्हाला डबाभर सुकट मिळाली. आता दर महिन्याला मी आपट्याला जातो, बरोबर बाटलीभर पातळ तेल नेतो, खोबरेलाचा चिकटा थोडा थोडा काढतो, आणि दुपारी माझ्या पानात खाडीची मासळी पडते. त्या वेळी बाई हसुरामबद्दल बोलतात. आता नाव घेतात, सरळ, उखाण्याशिवाय. म्हणतात, सरकारदरबारी दोनदा घेतलं, आता कोणाला लाजायचं?

तर प्रदीप, नवशिक्यासाठी एवढं पुरे. रोहिणीला विचार, पुस्तक घे, ब्रासोला हात लावू नकोस. तुझ्या आईला नमस्कार नको, ती धाकटी आहे, तिला गुडघ्यासाठी आशीर्वाद.

तुझा,
अविनाशमामा

ता. क. नाशिकच्या जुन्या बाजारात एकाने तुला ‘खात्रीचं’ जर्मन पिस्तूल दाखवलं म्हणतोस. मुठीवरची पट्टी उघडायला सांग. तो नाही म्हणाला तर घरी ये.

ता. क. २ एक विसरलो. खरं म्हणजे विसरलो नाही, पत्रभर पुढे ढकलत होतो. तुला पिस्तुलं जमवायची असतील तर विकत घेऊ नकोस, माझी घे. आम्हाला मूलबाळ नाही हे तुला माहीत आहे. माझ्यामागे हे सगळं कपाटात राहिलं, तर अर्ज, परवाने आणि जबाब यांच्या मागे तुझ्या मामीला या वयात धावावं लागेल, आणि तिने माझं नाव कुठल्या हवालदारासमोर घ्यावं असं मला वाटत नाही. दोन निकामी नगांचे कागद तुझ्या नावे करू, वेब्लीसाठी तू रीतसर अर्ज कर. मी यादी करून ठेवली आहे. जरा लवकर ये, शक्यतो वीस तारखेच्या आत. माणसाचा काय भरवसा. वीस तारखेला माझं एक छोटंसं काम आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

ता. क. ३ चि. प्रदीप, अनेक आशीर्वाद. हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून मी लिहिते आहे. काम म्हणजे उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू. शुक्रवारी ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी. शेजारच्या सुमतीबाई याच ऑपरेशननंतर पंधरवड्यात गहू निवडत होत्या. यांना तसं सांगितलं तर म्हणाले, त्यांची गोष्ट वेगळी. गेल्या आठवड्यात यांनी तीन याद्या केल्या, त्यातल्या एकीत रेडिओसुद्धा आहे. आणखी एक. आपट्याला मी कोपराला बोट लावलं असं यांनी लिहिलंय. मी लावलं नव्हतं. मी त्या वेळी मैनेशी बोलत होते. पिस्तूल यांनी आपणहून परत ठेवलं, ते मी वळून पाहिलं. रोहिणीला घेऊन गुरुवारीच ये. मोतीबिंदूचं मी सांगितलं असं म्हणू नकोस आणि धीर वगैरे देऊ नकोस. नुसतं शेजारी बसून पिस्तुलांबद्दल काहीतरी विचार. तुला येत असलेलंच विचार. यांना सांगायला मिळालं की आत नेतील तेव्हा यांच्या लक्षातही येणार नाही.
— वसुंधरामामी